सुमनआत्याची फाईल

माझ्यामुळे सुमनआत्या स्वतःची फाईल न वाचता गेली.

आज वर्ष झालं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मिरजोळ्याला एका कंपनीत पॅकिंगला होती. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मानसिक आजारासाठी चार महिने ॲडमिट होती. तेव्हा नवरा मुंबईत, ती लहानग्या पूजाला घेऊन राजिवड्याला भाड्याच्या खोलीत.

सासरचे येऊन पूजाला घेऊन गेले, ते कायमचेच. मोठी झाल्यावर तिला सांगितलं, "तुझी आई तुला विहिरीत ढकलणार होती. फाईलीत लिहिलंय."

आत्याला त्या दिवसांतलं धड आठवायचं नाही.

"खरंच लिहिलं असेल का रे तसं?"

मला दर महिन्याला विचारायची.

शेवटी गेली हॉस्पिटलात फाईल मागायला. काउंटरवरचा म्हणाला, "नातेवाईक घेऊन या."

"अहो, पेशंट मीच आहे."

"म्हणूनच, मावशी."

पेशंटला स्वतःचं रेकॉर्ड मागायचा कायद्याने हक्क आहे. हे मला आत्ता माहीत झालं. तेव्हा आम्हा दोघांनाही नव्हतं.

नातेवाईक म्हणून मी. घरात रिकामा मीच. मंगळवारी दहाला भेटायचं ठरलं, आत्याने रजा टाकली.

सोमवारी मित्राने बाईक काढली आणि मी मागे बसलो. अंजनवेल. गोपाळगडाच्या तटावर बसून समोरची बोट दाभोळची की बाहेरची यावर तासभर भांडण. मग फेरीबोटीने पलीकडे, तिथून मुरुड. तिथे मासे काय ताजे होते. असो.

मंगळवार होऊन गेला हे मला बुधवारी कळलं.

"मेल्या, तुला नातेवाईक कोणी केला?" आत्या हसली पण. "दुपारपर्यंत उभी होते. आता पंधरा दिवसांनी बोलावलंय."

बाराव्या दिवशी कंपनीतच तिच्या छातीत दुखलं.
गेली.

नंतर मृत्यूचा दाखला आणि बाबांची सही घेऊन मी गेलो. अर्ध्या तासात झेरॉक्स हातात.

इंग्रजी अक्षर मला लागेना. ओळखीच्या नर्सताईने वाचून दाखवलं.

पेशंट स्वतः चालत आली. झोप नाही. आपल्या हातून मुलीला काही होईल अशी भीती वाटते, म्हणून मुलीला शेजारणीकडे ठेवून आली. मला ॲडमिट करा म्हणते.

विहीर कुठेच नव्हती.

पूजाला पानांचे फोटो पाठवले, खाली मराठीत सगळं लिहून. ब्लू टिक आली. उत्तर नाही. कितीतरी महिने.

आज सकाळी ती मुंबईहून आली. न सांगता. पाणीसुद्धा घेतलं नाही. फोनवरचा तो फोटो मोठा केला, एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही शेजारीण कोण रे?"

"झुबेदाचाची."

"आहे अजून?"

"आहे. ऐकायला कमी येतं."

"मी मोठ्याने बोलेन. मला विचारायचंय, आईने मला तिच्याकडे देताना काय सांगितलं होतं."

बाहेर बाईकजवळ उभी आहे ती. हे लिहून झालं की आम्ही राजिवड्याला निघतोय.

आत्या, माफ कर.
पाया पडतो.