हवा कमी वाटली म्हणून

मुलगा गेला त्याला आता सव्वा वर्ष होईल. अजूनही संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या घरासमोर, स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासल्याचा आवाज मला येतो. खर्र, मग जरा वेळ काही नाही, मग पुन्हा खर्र. पुढची चाकं उतरताना एकदा, मागची उतरताना एकदा. गल्लीत एवढी बुटकी गाडी दुसऱ्या कोणाची नाही. मी गॅलरीत जाऊन बघतो. बायको आत कुकर लावत असते, ती काही विचारत नाही. तिलाही आवाज येतो का, हे मीही कधी विचारलेलं नाही. नाही म्हणाली तर मी वेडा, आणि हो म्हणाली तर आम्ही दोघं.

गाडी त्यानं स्वतःच्या पगारातून घेतली होती. इंदूरला नोकरी, रोजचं जाणं-येणं. पहिल्यांदा दारात आणली तेव्हा चांगली ताठ उभी होती. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी बघतो तर जमिनीला टेकायला आलेली. स्प्रिंगा बदलून खाली केली म्हणे. मी बत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. धडधाकट वस्तू पैसे देऊन बिघडवून आणायची, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. शेजारपाजारच्यांसमोर म्हणालो, "म्हैस बसलीय चिखलात." तो हसला. हसला म्हणून माझं डोकं आणखी फिरलं. मेलो तरी या गाडीत बसणार नाही, असं म्हणून मी आत गेलो आणि दार आपटलं.

त्या दिवसापासून अबोला. आमच्याकडे अबोला ही खानदानी चीज आहे; माझे वडील आणि काका एका ताटाच्या अंतरावर जेवायला बसून चार वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. मी बायकोला म्हणायचो, "त्याला विचार, उद्या लवकर जाणार का." तो तिथंच समोर असायचा. तो तिला म्हणायचा, "बाबांना सांग, हो." बिचारी दोघांकडे बघत पोळ्या लाटायची.

पण रविवारी सकाळी तो उशिरापर्यंत झोपायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजवर पडलेली असायची. मी बादली घेऊन खाली उतरायचो. गाडी धुताना दर वेळी वाटायचं, टायर दबलेत, हवा कमी आहे. मी स्कूटरच्या जमान्यातला. टायरला टाच मारून हवा ओळखणारा. गाडीच खाली बसवलेली आहे, तर ती बसलेलीच दिसणार, एवढं साधं माझ्या लक्षात येऊ नये? आलं नाही. मेलो तरी बसणार नाही म्हणालेला मी गुपचूप त्या गाडीत बसायचो आणि टावर चौकाजवळच्या हवावाल्याकडे न्यायचो.

तो म्हणायचा, "अंकल, तैंतीस बहुत है."

मी म्हणायचो, "चालीस कर. दिखता नहीं, गाड़ी बैठी हुई है?"

हवा भरली की गाडी सूतभर वर आल्यासारखी वाटायची. किल्ली पुन्हा फ्रिजवर ठेवून मी पेपर वाचत बसायचो. आठवडाभर न बोललेलं सगळं त्या चार चाकांत भरून आल्यासारखं मला वाटायचं. पोराला काही कळलेलं नाही, याची तर फारच गंमत वाटायची.

मग उन्हाळ्यातल्या एका सकाळी इंदूर रोडवर पुढचं डावं टायर फुटलं आणि गाडी दुभाजकावर गेली. पुढे काही सांगण्यासारखं नाही. विम्याचा माणूस घरी आला, त्यानं कागद भरता भरता सहज विचारलं, "हवा कितनी रखते थे?" माझा मेव्हणा म्हणाला, "पता नहीं." मी शेजारच्या खुर्चीवर होतो, तोंडातून शब्द काढला नाही. मी मारलं का माझ्या पोराला? सव्वा वर्ष मी दुसरं काही विचारलेलं नाही, स्वतःला किंवा देवाला.

गेल्या महिन्यात त्याच्या ड्रॉवरमध्ये चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद सापडला. दुकान माधव नगरातलं. आठ दिवस कागद खिशात घेऊन फिरलो, आणि मग गेलो.

दुकानदार चाळिशीचा, शांत माणूस. मुलाचा फोटो दाखवला तसा त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि मला खुर्ची दिली. मी विचारलं, टायर फुटतं कशानं? त्यानं मला समजावून सांगितलं. "गाड़ी नीचे करो तो चक्का ऊपर से अंदर झुक जाता है, अंकल. टायर बाहर से नया दिखता है, अंदर की किनारी घिस-घिस के तार निकल आता है. मैंने बोला था, महीने भर बाद फिर से अलाइनमेंट कराना. वो टालता रहा."

"और हवा ज़्यादा हो तो?"

"तो और जल्दी फटेगा. गर्मी में तो और."

मग मी ते बोललो, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं. "हवा मैं भरवाता था. चालीस."

"मालूम है," तो म्हणाला. "हर सोमवार सुबह आता था, ऑफिस जाते टाइम. मैं चारों की हवा निकाल के तैंतीस कर देता था."

मला आधी लाज वाटली. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि घरातलं पोर दर आठवड्याला माझी चूक निस्तरत होतं. पण पाठोपाठ अंगावरचं ओझंच उतरलं. माझी हवा त्या टायरांत नव्हतीच तर! सुटलो, असं अगदी शब्दांत वाटलं. तो गेला तोही सोमवारच होता.

"उस दिन भी निकाली थी ना?"

तो हात पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "उस दिन सोमवती अमावस थी, अंकल. अमावस को हम औज़ार नहीं छूते. दुकान बंद थी."

मला हे माहीत नाही का? आमच्या उज्जैनात अमावस्येला ना सुतार येतो, ना गवंडी, ना गाड्यांचे मिस्त्री. त्या सकाळी बायको पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायला गेली होती, म्हणून तर फोन मी घेतला होता. माझ्या हवेनं गेला की झिजलेल्या कडेनं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तो म्हणाला, "किनारी मैंने भी नहीं देखी. हर हफ़्ते हवा निकाली, एक बार झुक के नहीं देखा." त्याचे डोळे भरले होते.

आणि मला राग आला. त्याचा नाही, पोराचा. मी दुकानात ओरडलोच, "तो मुझे बोला क्यों नहीं उसने? मुँह नहीं था?"

लिफ्टवरच्या गाडीखाली काम करणारे दोघं थांबून बघायला लागले. दुकानदार माझ्याजवळ आला.

"मैंने बोला था उसको, घर पे सीधा बोल दे. हँस के बोला, बाबा बात तो करते नहीं. संडे को हवा भरवा देते हैं. अब वो भी बंद करवा दूँ क्या?"

मी म्हणालो, "फिर से बोलो, क्या बोला था उसने." त्यानं पुन्हा सांगितलं.