कानातल्या मशीनचे सेल

घड्याळवाल्यांना एका जागी बसवत नसे. गिऱ्हाईक नसलं की ते उठून शोकेसच्या काचा पुसत आणि पुसून झालेल्या काचा पुन्हा पुसत. बाजारात त्यांना पाठीमागे सगळे 'सेकंदकाटा' म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ही चुळबूळ कामी येई. कानातल्या मशीनच्या सेलच्या पट्ट्या पिशवीत भरून ते सायकलवर निघत आणि नऊ म्हाताऱ्या माणसांच्या घरी पोचवून येत. मशीन कुणीतरी दान दिलेलं, पण पुढे सेल आणून द्यायला कुणी नाही, अशी ही माणसं.

हे सुरू झालं वडिलांपायी. वडिलांच्या मशीनचा सेल संपला तेव्हा नेमका त्या मापाचा सेल दुकानात नव्हता. "उद्या आणतो," असं ते रोज म्हणत राहिले. वडिलांना तेही ऐकू येत नव्हतं. पंधरा दिवसांनी वडील गेले, ते कुणाचा शब्द कानावर न पडताच. तेव्हापासून कुणी 'उद्या' म्हटलं की घड्याळवाले 'आजच' म्हणत.

त्या मंगळवारी शेवटचं घर मावशींचं होतं. मावशींनी तीस वर्षं छापखान्यात यंत्राशेजारी बसून कागदाच्या घड्या घातल्या. त्या खडखडाटात कान गेले ते गेलेच. आता एका खोलीत एकट्या राहत. घड्याळवाल्यांनी दार वाजवलं, ठोकलं, शेवटी बडवलं. आत काही हालचाल नाही. तेवढ्यात शेजारीण बाहेर आली.

"ढकला, उघडंच असतं. त्यांना कुठे ऐकू जातंय!"

मावशी खिडकीशी बसून जुना स्वेटर उसवत होत्या. मशीन उशाशी पडलेलं. घड्याळवाल्यांनी त्यातला सेल काढून तपासला. संपलेला.

"मागच्या महिन्यात अख्खी पट्टी दिली होती ना?" ते ओरडले.

मावशींनी त्यांच्या ओठांवरून काय ते ताडलं आणि कपाटातून पत्र्याचा डबा काढून पुढ्यात ठेवला. आत कापसावर सेल ओळीने मांडलेले, चाळीस-पन्नास तरी. घड्याळवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. आपण उन्हातान्हात सायकल हाणायची आणि बाईंनी साठे करायचे! पण एक सेल उचलून उलटा केला आणि राग जागच्या जागी विरला. सेलवरचा रंगीत कागद काढलेला होता. सगळ्यांचाच. तो कागद निघाला की आत हवा शिरते. मग सेल वापरा नाहीतर ठेवा, काही आठवड्यांत त्याचा जीव जातो.

त्यांनी पिशवीतला नवा सेल घालून मशीन मावशींच्या कानात बसवलं.

"कागद का काढलेत?"

"माझी बोटं थरथरतात हो. शेजारीण महिन्यातून एकदा सगळे सोलून देते. दर वेळी तिला कुठे हाका मारू?"

"मग वापरले का नाहीत?"

"वापरते की. रविवारी भावाचा फोन येतो तेवढ्यापुरता घालते. बाकीचे राहू देते, तुम्ही यायचं बंद कराल तेव्हासाठी."

हे घड्याळवाल्यांना झोंबलं. "दोन वर्षांत एकदा तरी चुकलोय का मी?"

"नाही चुकलात. पण तुमच्या आधी एक बाई यायच्या. फळं आणायच्या, गप्पा मारायच्या, माझ्याबरोबर फोटोसुद्धा काढला. मग एकदा आल्याच नाहीत. आजारी पडल्या का गाव सोडलं, मला कोण सांगणार? दोन महिने दाराकडे डोळे लावून बसले होते." मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमचं वय काय?"

"अडुसष्ट."

"मग?"

घड्याळवाल्यांनी डबा जवळ ओढला. कागद निघाल्यामुळे आतले सगळे सेल संपलेत, हे त्यांनी सांगितलं. मावशींनी डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे मी उगाचच बहिरी बसून राहिले," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर घड्याळवाले ताटावर बसले आणि दोन घास खाऊन उठले. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या सुरू झाल्या. लेकीने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"बाबा, मावशी चुकीचं काय बोलल्या?" लेक म्हणाली. "उद्या तुम्ही आडवे पडलात तर त्या नऊ घरांचे पत्तेसुद्धा कुणाला माहीत नाहीत. कुणाला हात लावू देता का तुम्ही?"

हात लावू देत नसत, हे खरंच होतं. ते काम त्यांचं होतं, वडिलांपायी घेतलेलं होतं. पण त्या दिवसानंतर डबा डोळ्यांपुढून हलेना. गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा पट्टा बदलतानाही कापसावरचे ते सेल दिसत. चौथ्या दिवशी ते दुकान तसंच उघडं टाकून समोरच्या चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाल्याने रस्त्यात लावलेल्या एका पाटीवरून दोघांचं आठ वर्षं बोलणं नव्हतं.

चष्मेवाला काउंटरमागून उठलाच नाही. "पाटी काढायला आलास?"

"नाही. मदत मागायला आलोय."

चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. "आठ वर्षांनी बोललास तेही काम सांगायलाच," तो म्हणाला, पण पत्ते उतरवून घेतले. मशीन पुसायला, नळी साफ करायला आपण येऊ, हे त्यानेच सुचवलं. मग दोघांनी ठरवलं, महिन्याऐवजी दर आठवड्याला जायचं, आळीपाळीने. कागद तिथल्या तिथे काढून सेल घालून द्यायचा आणि डबा भरू द्यायचा नाही. एक थांबला तर दुसऱ्याने न सांगता पुढे चालवायचं.

थंडीत घड्याळवाल्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, सायकल नाही, काही आठवडे घरीच. डोळ्यावर पट्टी आणि जिवाला घोर. मंगळवारी सकाळपासून त्यांनी चष्मेवाल्याला पाच फोन केले. सहाव्या वेळी लेकीने फोन काढून घेतला. दुपारी तो वाजला, तेव्हा त्यांनी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच.

पलीकडे मावशी होत्या.

"तुमचे मित्र माझ्या शेजारी बसलेत. सेल घालून झाला. पण काय हो, हा माणूस बोलतो किती! मशीन काढून ठेवावंसं वाटतंय."

घड्याळवाले हसायला लागले आणि डोळ्यावर ताण नको म्हणून लेक त्यांना दटावू लागली.