दाराबाहेरचं स्तोत्र

चंदनाच्या साबणाचा वास आला, की मला कानडी मुलखातल्या के. आर. पुरमची आमची न्हाणी आठवते. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मला सातची कंपनीची बस गाठायची असे; प्रार्थनेला बसायला वेळ कुठला? म्हणून आई बायबल घेऊन न्हाणीच्या दाराबाहेर स्टुलावर बसायची आणि माझी अंघोळ होईपर्यंत मोठ्यानं स्तोत्र वाचायची. मी वैतागून नळ आणखी मोठा सोडायची.

एका सकाळी तिनं विचारलं, "ऐकू येतंय ना गं?"

"हो!" मी खोटंच ओरडले.

"सरी, बरं, मग पुढचं वाचते," ती समाधानानं म्हणाली.

आई जाऊन खूप वर्षं झाली. आता मला कुठलीच बस गाठायची नसते. तरी अंघोळ करताना मी मध्येच नळ बंद करते, आणि साबण अंगावर वाळेपर्यंत दाराला कान लावून उभी राहते.