चाळ नंबर, खोली नंबर

आमच्या घरात ॲप मी लिहिते आणि त्याच्या टेस्ट नवरा लिहितो. लोअर परळच्या एकाच ऑफिसात आमची ओळख झाली तीसुद्धा भांडणातूनच. माझ्या कोडमध्ये त्याने चूक काढली आणि ती मान्य करायला मी बराच वेळ लावला. लग्नानंतर मी दादरहून वरळीच्या बीडीडी चाळीत राहायला आले, तेव्हा फरक एवढाच पडला की भांडणं आता घरीही होऊ लागली.

त्या उन्हाळ्यात सासूबाई हॉस्पिटलातल्या आयाच्या नोकरीतून निवृत्त झाल्या. थोडे दिवस शांत बसल्या आणि मग घरातली प्रत्येक वस्तू पुसायला घेतली. माझी पाळी कधी येते याची मी वाट बघत होते. "अशी बसून राहिले तर गंजेन ग मी," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातची भाकरी आणि जवळ्याची चटणी अख्ख्या मजल्याला ठाऊक. मग ठरलं, रविवारी दुपारचे डबे द्यायचे, फक्त चाळीतल्या चाळीत, आणि ऑर्डर घेणारं छोटंसं ॲप आम्ही दोघांनी करून द्यायचं. त्यांची अट एकच होती. "एक रविवार करून बघते. माझ्या भरवशावर एक जरी माणूस उपाशी राहिला, तर डबे बंद. मग मला कुणी गळ घालायची नाही." आणि सासूबाईंचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ॲपचं काम तसं सोपं. बीडीडीत शंभरावर इमारती, प्रत्येकीला चाळ म्हणतात आणि प्रत्येकीला नंबर आहे. गिऱ्हाइकाने चाळ नंबर आणि खोली नंबर टाकायचा, मागणी सर्व्हरवर जायची, आणि डबे पोचवणाऱ्या नवऱ्याच्या फोनवर पत्ता उमटायचा. अशा कोडची टेस्ट लिहिताना खरा सर्व्हर वापरत नाहीत. त्याच्या जागी एक तोतया उभा करतात, त्याला मॉक म्हणतात. तो पढवलेलं उत्तर देतो आणि आपल्याकडे काय काय आलं ते लक्षात ठेवतो. आलेलं बरोबर होतं का, हे मॅचर तपासतो. पण त्याला जे सांगाल तेवढंच तो बघणार. नवऱ्याने सांगून ठेवलं होतं, दोन आकडे आले पाहिजेत, कोणतेही चालतील. दोन आकडे येत होते, त्यामुळे टेस्ट पास आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार.

"कोणतेही चालतील म्हणजे काय रे?" मी विचारलं होतं.

"अगं, साधा पत्ता आहे. त्यात काय चुकणार?"

मी स्वतः एक ऑर्डर टाकून पाहिली, आमच्याच घरची. आमचा चाळ नंबर आणि खोली नंबर एकच आहे. नवरा फोनमधला पत्ता बघत, रिकामा डबा हातात घेऊन अचूक आमच्याच दारात आला, आणि सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी त्यांनी ठेवणीतली साडी नेसूनच भाकऱ्या थापल्या. नवरा दोन पिशव्या भरून निघाला आणि घामाघूम होऊन परतला. "सगळ्यांनी हसत घेतले," तो म्हणाला. सासूबाईंनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मग फोन सुरू झाले. डबा कुठाय? निघाला का? येणार आहे ना? तिसऱ्या फोननंतर सासूबाईंनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. नवरा शपथेवर सांगत होता की प्रत्येक डबा त्याने स्वतः दारात नेऊन दिला.

तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. झाकणावर कोरलेलं सासऱ्यांचं नाव, चाळ आणि खोली वाचून ती आमच्यापर्यंत पोचली होती. तिच्या हातात आमचा डबा होता, लख्ख धुतलेला आणि आत चार कैऱ्या. "रिकामा कसा देणार?" ती म्हणाली. "चटणी एक नंबर हां! पण कार्य कसलं होतं? बारसं काय?"

मी तिला खोली विचारली. चाळ बेचाळीस, खोली एकोणीस. ऑर्डर होती चाळ एकोणीस, खोली बेचाळीसची. सर्व्हर पहिला आकडा चाळीचा धरत होता, आणि मी खोली आधी आणि चाळ नंतर पाठवत होते. आमच्याकडे उलट्या पत्त्यावरही कुणी ना कुणी राहतंच. आणि चाळीत न मागता आलेलं जेवण कुणी परत पाठवत नाही. कुणाकडे तरी कार्य असेल म्हणतात, जेवतात आणि भांड्यात काहीतरी घालून परत करतात. तोतया सर्व्हर तरी याहून वेगळं काय करत होता?

"आकडे तू उलटे पाठवलेस!" नवरा ओरडला.

"आणि तू कोणतेही चालवून घेतलेस!"

चोर मी होते हे कबूल, पण पहारेकरी घोरत होता. त्याने लॅपटॉप उघडला आणि मॅचरला नेमके आकडे दिले, चाळ एकोणीस, खोली बेचाळीस. टेस्ट लाल झाली. लाल रंग बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी कोडमधले आकडे सरळ केले आणि ती हिरवी झाली. आम्ही एकमेकांना टाळी दिली.

"झालं तुमचं खेळून?" सासूबाई म्हणाल्या.

तोवर त्यांनी एकेकाला फोन करून माफी मागितली होती. बाकीच्यांनी घरी काहीबाही करून खाल्लं होतं. फक्त त्या एकोणीस नंबरच्या चाळीतला फोन कुणी उचलत नव्हतं. सासूबाईंनी आमच्या वाट्याचं जेवण डब्यात भरलं, चपला घातल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी निघाल्या. आम्ही खाली मान घालून मागोमाग.

दार उघडंच होतं. आत एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. समोर ताट, बाजूला पाण्याचा तांब्या, ताटाच्या कडेला मीठ आणि लिंबाची फोड. बाकी ताट रिकामं. मोबाईल कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला, आवाज बंद.

"जय भीम. डब्यावाल्या बाई ना? या या."

समोरच्या खोलीतली बाई दारातूनच म्हणाली, "कधीची बोलावतेय, जेवायला या म्हणून. ऐकतच नाहीत. माझा डबा येतोय म्हणतात."

"बाई डबा देते म्हणाल्या म्हणजे येणारच की," ते म्हणाले.

सासूबाई खाली बसल्या आणि वाढायला लागल्या. ते सावकाश जेवत होते आणि मला त्या अटीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. माणूस उपाशी राहिला होता. हे सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आता कुठली गळ आणि कुठलं काय.

भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने त्या गृहस्थांनी ताट पुसून घेतलं.

"चटणी खारट झाली का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून एक भाकरी असती तर नक्की सांगता आलं असतं."

सासूबाई हसल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, डब्याचं झाकण लावलं, दारापर्यंत गेल्या आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता मागे वळल्या.

"पुढच्या रविवारी काय करू तुमच्यासाठी?"