न आलेले राजहंस

गेल्या कार्तिकात मी देवाशी धड बोलत नव्हते. संध्याकाळी दिवा लावायचे, पण घुश्शातच. ह्यांचा आवाज चार महिन्यांपासून बसला होता. आधी थंड पाण्यावर, मग धुळीवर, मग वयावर खापर फोडून आम्ही दिवस काढले. शेवटी डॉक्टरांनी घशातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. मधे शनिवार-रविवार आडवे आले होते आणि ते दोन दिवस सरता सरत नव्हते. इतकी वर्षं उपास केले, अभिषेक केले, आणि वाट्याला हे का, असं मनात सारखं यायचं.

दर रविवारी पहाटे मी हिप्परगा तलावावर पक्षी बघायला जाते. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. त्या रविवारी जाणार नव्हते, पण ह्यांनीच घोगऱ्या आवाजात मला घराबाहेर काढलं. "जा की. दिवसभर माझ्या घशाकडं बघत बसण्यापेक्षा पाखरं बघ. ती तरी गातात." आजारी माणसाला चेष्टा सुचावी आणि आपल्याला मात्र रडू यावं, असे ते दिवस होते.

आता माझा वेडेपणा सांगते. माझं माहेर वैरागजवळचं. तिथं देवीला कौल लावायची पद्धत आहे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, असल्या गोष्टींना हसत आले. पण शनिवारी संध्याकाळी सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात कौल लावला, तोही पाखरांवर. हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात आमच्या तलावावर राजहंस येतात. राखाडी अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. तोवर ते आले नव्हते. महादेवाला म्हटलं, उद्या ते उतरले तर रिपोर्ट चांगला, नाही उतरले तर मी काय ते समजेन. घरी कोणाला हे सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

पहाटे तलावावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. थंडी नुकतीच पडू लागली होती. समोरचा काठ दिसत नव्हता, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं तेही कळत नव्हतं. धुक्याच्या आतून बदकांची कुजबुज येत होती. एरवी अशा वेळी मी जगाला विसरते. त्या दिवशी मात्र दुर्बिणीनं आभाळ नुसतं उपसत होते. बाकीचे वेड्या राघूंकडे, धोबी पक्ष्यांकडे बोट दाखवत होते आणि मला त्यांचा रागच येत होता.

ऊन वर आलं, धुकं फाटलं, आणि उत्तरेकडून एक रांग येताना दिसली. पंधरा-वीस मोठे पक्षी, बाणाच्या टोकासारखे जुळलेले, पण फार लांब. आमच्या गटाचा एक नियम आहे. दोघांनी ओळखल्याशिवाय पक्ष्याचं नाव वहीत लिहायचं नाही. वही त्या दिवशी माझ्याकडे होती. मी कोणालाही न विचारता 'राजहंस' असं लिहून टाकलं आणि शेजारी उभ्या असलेल्या चाचांना म्हटलं, "आले बघा चाचा! राजहंसच आहेत ना?"

चाचा म्हणजे आमच्या गटातले सगळ्यांत वडील. एसटीवर ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. त्यांची नजर अजून रस्त्यावर असल्यासारखी पक्की आहे. दुर्बीण न लावताच ते म्हणाले, "न्हाई ताई. पाणकावळं हायती."

"नीट बघा हो."

"बघितलं की. मधीच पंख मारायचं थांबवत्यात बघा, तरंगत्यात. राजहंस असं थांबत न्हाईत. आन् वराडत येत्यात ते, लई लांबनं ऐकू येतंय."

मलाही ते दिसत होतं. कुठलाही आवाज नव्हता. रांग जवळ आली, काळी झाली आणि पाण्यात उतरली. पाणकावळेच होते. मी बंधाऱ्याच्या दगडावर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. चाचा घाबरले. बाकीची मंडळी पुढं गेली होती, म्हणून बरं. रडत रडतच मी त्यांना सगळं सांगितलं. ह्यांची गाठ, सोमवारचा रिपोर्ट, महादेवाला लावलेला कौल.

चाचांनी थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "पाखरं पोटासाठी येत्यात ताई. तुमच्या घरच्या दुखण्याचं वझं त्या बिचाऱ्यांवर कशापायी? ज्याच्याकडं मागायचंय त्याच्याच हवाली करा की सगळं. साहेबांसाठी मी बी दुवा मागतो." त्यांनी तिथंच डोळे मिटले आणि दोन्ही तळहात उघडून समोर धरले.

मीही डोळे मिटले. नुसतं म्हटलं, तुझं तू बघ. चांगलं कर म्हटलं नाही, खूण दे म्हटलं नाही. त्यानंतर काय झालं ते कसं सांगू? काहीच झालं नाही. मी दगडाला पाठ टेकून वर बघत राहिले. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. भिंगरी पाखरं पाण्यावरून सुळकन जात होती. खूप उंच एक घार गोल गोल फिरत होती, आणि तिच्याही वर एक पांढरा ढग हळूहळू विरत चालला होता. तो कधी पूर्ण विरला, मला कळलं नाही. मी आहे, हे आभाळ आहे, आणि ज्यानं हे पसरलंय तो मला ओळखतो, एवढंच वाटत राहिलं. चार महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. चाचांनी हाक मारली तेव्हा उन्हं तापली होती. निघताना वहीतलं 'राजहंस' खोडलं आणि 'पाणकावळे' लिहिलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "आली का पाहुणे मंडळी?"

"नाही आली."

"मग एवढी खूश कशानं?"

मी ताटं वाढली. त्यांच्याजवळ बसले आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही पोटभर जेवलो.

सोमवारी रिपोर्ट आला. चांगला नव्हता. डॉक्टर बोलत होते आणि मी ह्यांचा हात धरून एकेक शब्द ऐकत होते, प्रश्न विचारत होते, लिहून घेत होते. मी कोसळेन असं ह्यांना वाटलं होतं. आता बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात किरणांच्या शेकाच्या फेऱ्या चालू आहेत. आवाज जवळजवळ गेलाय, पाटीवर लिहून माझी चेष्टा करतात. पुढं काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत, आणि मीही रोज विचारत नाही.

एक मात्र राहून राहून मनात येतं. त्या रविवारी राजहंस खरोखर उतरले असते, तर मी नाचत घरी आले असते. आणि सोमवारी तो कागद हातात पडल्यावर महादेवाला खोटारडा ठरवून त्याचा दिवा कायमचा विझवला असता. ह्यांच्या आजारपणात मग मी कोणाच्या आधारानं उभी राहिले असते? मला हवी होती ती खूण त्यानं दिली नाही, म्हणून आज रोज संध्याकाळी मला त्याच्यासमोर बसता येतं.