नवीनचा हिमचंपा

अड्यारला समुद्राचा वारा कुणाला चुकत नाही, पण कृष्णवेणीबाईंच्या परसात तो शिरत नसे. एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला उंच भिंत. म्हणूनच नवीननं कॅनडाला जाण्याआधी बंगळूरहून हिमचंप्याचं रोप आणून तिथं लावलं आणि आईला म्हणाला, "अम्मा, बघून घे." लावणारा विमानात बसला आणि बघून घेणं अम्माच्या गळ्यात पडलं.

थंड हवेचं झाड ते. चेन्नईच्या उन्हानं त्याच्या पानांच्या कडा करपत. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी मग वरून हिरवी जाळी बांधली, बुंध्याशी नारळाची सोडणं अंथरली. उन्हाळ्यात पाण्याची लॉरी आली, की स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीत उरकायची आणि भरलेली बादली झाडाला न्यायची. गुडघे कुरकुरत. सगळं आटोपून आत येईतो जेवायचीही इच्छा उरत नसे.

दर रविवारी नवीनचा व्हिडिओ कॉल यायचा; बोलणं घरच्या जुन्या दक्षिणी मराठीत. "झाड कसं अहे?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि बहुधा शेवटचाही. बाई पाठचा कॅमेरा लावून फोन फांद्यांवरून फिरवत. लेक काही वाईट नव्हता हो! पण आपण कशा आहोत ते त्यानं एकदा तरी विचारावं, एवढंच बाईंना हवं होतं. मागून घेण्यात काय अर्थ, म्हणून त्या कॅमेरा झाडाकडेच ठेवत.

या चैत्रात फूल आलं. ओंजळीएवढं, पांढरंशुभ्र, लिंबासारख्या मंद वासाचं. नवीन हरखला. "अम्मा, हलवूं नको! असंच धर!" हात भरून आला, तसा बाईंनी फोन फांदीच्या बेचक्यात टेकवला आणि पायरीवर जाऊन बसल्या. तिकडे नवीनचं फुलाशी बोलणं चालूच होतं. बाईंनी डोळे मिटले. आपण इतक्या दमलोय हे त्यांना बसल्यावर कळलं.

बऱ्याच वेळानं हाक आली, "अम्मा? कोठें गेलीस?"

"इथंच अहें. जरा बसलें."

"का गे? कॅमेरा वळव की. कशी अहेस?"

बाई उठल्या. फोन हातात घेऊन कॅमेरा आपल्याकडे वळवला. इतक्या वर्षांनी तो प्रश्न आला होता, आणि तोंडातून मात्र दर रविवारचंच उत्तर निघालं.

"बरं अहे रे. थोडीं पानं करपलीत, तेवढंच."