मांडी घालून घेतलेलं माप

कंबर धरायला लागली तसं डॉक्टरनं पट्टा बांधायला सांगितला. दुकानातला आणला, तर त्याच्या पट्ट्या बरगडीत रुतायच्या. आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणारी बाई आहे. ती म्हणली, "मावशी, तुमच्या मापाचा शिवून देते. घरीच माप घेऊन पाठवा."

मला घाई होती, कारण वर्षावास तोंडावर आला होता. आमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आन गेली कित्येक वर्षं वाचणारी मीच. मी शाळेत गेले नाही, पोरांच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, म्हणून त्या जागेचा मला लय लोभ. तासभर मांडी घालून बसता आलं नसतं, तर तिथं दुसऱ्या कुणाला बसवलं असतं, आन त्यांचंही चुकलं नसतं.

आता टेप बघितला की बाईमाणसाचं पोट आपोआप आत जातं. मीही आरशापुढं ताठ उभी राहिले, श्वास ओढला आन आकडे सुनेला लिहून घ्यायला लावले. चार दिवसांत पट्टा आला. मऊ सुती कापड, पुढं चोळीसारखे बंद. उभ्यानं झकास वाटला. मांडी घालून मोठ्यानं एक ओळ वाचली, तर दम अडकला.

सुनेला घेऊन परत त्या बाईकडं गेले.

"माप कसं घेतलं व्हतं, मावशी?"

"उभ्यानं."

"आन वाचता कसं?"

"बसून."

सून म्हणली, "श्वास धरून उभ्या व्हत्या आत्या. मला वाटलं फोटो काढायचाय."

"मग तवाच सांगायचं न्हाई का?" मी तिला म्हणलं.

"लय चांगल्या दिसत व्हता तुमी."

बाईनं मला तिथंच सतरंजीवर बसवलं, टेप पोटाभोवती धरला आन म्हणली, "वाचा आता." सुनेनं समोरच्या कॅलेंडरचं पान उलटून धरलं. त्याच्या मागची लिंबाच्या लोणच्याची कृती मी विहारातल्या आवाजात वाचली. मीठ-हळदीपर्यंत येईस्तोवर टेप तीन बोटं सरकला होता.

वर्षावासाच्या पहिल्या संध्याकाळी त्या नव्या मापाचा पट्टा बांधून गेले. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं आन खाली बसून वाचायला लागले. ग्रंथ मिटला तवा मागून एक बाई म्हणली, "आज लवकर संपलं."

घड्याळ बघितलं, तर तासाच्या वर झालं होतं.